एक खरं, दोन बुजगावणी

माझ्या धाकट्या दिरांना कणा नाही, हे मी लग्न होऊन या घरात आले त्याच आठवड्यात मला कळलं होतं. पुढच्या खोलीला कोणता रंग द्यायचा असं सासऱ्यांनी विचारलं, तर भाऊजी म्हणाले, "तुम्ही म्हणाल तो." सासूबाईंनी विचारलं, त्यांनाही तेच उत्तर. दोघांच्या मनातले रंग वेगळे होते. खोली कित्येक महिने बिनरंगाची राहिली आणि भाऊजी दोघांचेही लाडके राहिले. असा माणूस पुढे डिझाइनचा स्टुडिओ काढेल, असं तेव्हा कोणी म्हणालं असतं तर मला हसू आलं असतं. आताही येतं.

स्टुडिओ आमच्याच घराच्या तळमजल्यावर आहे. दोन खोल्या, दोन कॉम्प्युटर, सदा घसा बसल्यासारखा आवाज करणारा प्रिंटर आणि खिळ्याला लटकवलेले रंगांचे नमुने. दुकानांच्या पाट्या, औषधांची लेबलं, खोकी, लग्नपत्रिका, काय येईल ते. काम माझी धाकटी जाऊ करायची. भाऊजी बोलायचे. गिऱ्हाईक आलं की त्याला वरच्या मजल्यावर माझ्या बैठकीत आणायचे, कारण खाली चहा ठेवायलाही जागा नव्हती. त्यामुळे पुढे जे सांगते आहे ते सगळं माझ्या डोळ्यांदेखत घडलेलं आहे.

भाऊजींची एक पद्धत होती आणि तिचा त्यांना फार अभिमान होता. गिऱ्हाइकाला कधी एकच डिझाइन दाखवायचं नाही, तीन दाखवायची. मधलं खरं, धाकटीने जीव ओतून केलेलं. दोन बाजूंना दोन मुद्दाम वाईट केलेली. त्यांना ते बुजगावणी म्हणत. "वहिनी, बुजगावण्यांना भिऊन माणूस आपोआप मधल्याकडे येतो," असं मला समजावून सांगत. बुजगावणी ते स्वतः करत आणि मन लावून करत.

पण माणसं काही पाखरं नव्हेत. ती थेट बुजगावण्याच्या गळ्यात पडत. आमच्या गल्लीतून बाजारापर्यंत चालत जा, दोन्ही बाजूंना भाऊजींची बुजगावणी उभी दिसतील. दातांच्या डॉक्टरांच्या पाटीवर हातपाय फुटलेली दाढ हसते आहे. केकवाल्याच्या नावातलं प्रत्येक अक्षर वेगळ्या घराण्याचं आहे. शाळेच्या बिल्ल्यावर पुस्तक, दिवा, पृथ्वी, उगवता सूर्य आणि कबूतर अशी सगळी मंडळी दाटीवाटीने बसली आहेत. कबुतराचा पाय पृथ्वीवर पडला आहे. आम्हाला मिशनच्या शाळेत सिस्टर कागदाला समास सोडायला शिकवायच्या. या बिल्ल्यावर समास सोडायलाही जागा नाही.

"निवडलं त्यांनी, मी काय करू?" भाऊजी म्हणत.

"दाखवलं कुणी?" मी विचारायची. मग ते चहा छान झालाय म्हणायचे.

धाकटी इतकी वर्षं तोंडातून ब्र काढत नव्हती. तिची नाकारलेली डिझाइनं कपाटात जात आणि ती पुढच्या कामाला लागे. मग माझ्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. दिवसातून अनेकदा थेंब घालायचे, ते तीच घालायची. नेमकं त्याच सुमारास थेंबांच्या बाटल्यांच्या लेबलांचं काम आलं. औषधांचा छोटा कारखाना चालवणारे एक गृहस्थ होते. त्यांच्याकडे दोन औषधं, एक डोळ्याचं आणि एक कानाचं. बाटल्या अगदी सारख्या, अंगठ्याएवढ्या.

धाकटी रोज कागदी लेबलं चिकटवलेल्या रिकाम्या बाटल्या घेऊन वर यायची. "ताई, चष्मा काढा. ही कुठली?" मी चुकले की खाली जाऊन पुन्हा करायची. शेवटी तिने डोळ्याची बाटली पांढरी ठेवली, तिच्यावर निळा ठसठशीत शब्द. कानाची गर्द नारिंगी आणि मानेला खरखरीत पट्टी. मग माझं चुकणं बंद झालं. डोळे मिटूनसुद्धा सांगत होते मी.

"ताई," ती त्या दिवशी म्हणाली, "याच्याही शेजारी जर ह्यांनी बुजगावणं उभं केलं आणि तेच निवडलं गेलं, तर मी पुन्हा खाली स्टुडिओत बसणार नाही."

भाऊजींना तिने हे तोंडावर सांगितलं. ते म्हणाले, "अगदी बरोबर आहे तुझं." आणि दोन बुजगावणी करायला बसले.

औषधवाले आले. भाऊजींनी तीन जोड्या टेबलावर मांडल्या. डावीकडच्या जोडीला सोनेरी वेलबुट्टी, मधोमध किरण फेकणारा थेंब, कारखान्याचं नाव ठळक आणि औषधाचं नाव मुंगीएवढं. दोन्ही बाटल्या जुळ्या. औषधवाल्यांचे डोळे लकाकले.

"हे! ह्यात दम आहे," ते म्हणाले. "मधलं जरा उघडंबोडकं वाटतं, नाही? आणि एक पांढरी, एक नारिंगी. दोघी एका घरच्या वाटल्या पाहिजेत. बहिणी-बहिणी."

"एक बहीण डोळ्यात घालायची आहे, दुसरी कानात," धाकटी म्हणाली. "अदलाबदल झाली तर?"

"लिहिलंय की खाली."

"वाचणाऱ्याचेच डोळे दुखत असतात हो."

औषधवाल्यांनी भाऊजींकडे पाहिलं. भाऊजी म्हणाले, "तिचं म्हणणं बरोबर आहे. म्हणजे, तुमचंही बरोबरच आहे."

मला राहवलं नाही. मी सोनेरी जोडी त्यांच्यापुढे सरकवली. "चष्मा काढा आणि डोळ्याची कुठली ते सांगा."

त्यांनी मोठ्या खिलाडूपणे चष्मा काढला. एक बाटली नाकापर्यंत नेली, मग दुसरी. चक्क वास घेऊन पाहिला, रिकाम्या बाटल्यांचा. मग खो खो हसले आणि चष्मा परत चढवला. "आजी, चष्मा घालून बघायचं ना! सोपं आहे!"

भाऊजीही हसले. हे मी त्यांना कधी माफ करणार नाही. धाकटी त्यांच्याकडेच बघत होती. अजून वेळ गेली नव्हती. एक 'नाही' म्हणायचं होतं, तेही घरच्या बैठकीत, स्वतःच्या खुर्चीत बसून.

"सोनेरीच करू मग," भाऊजी म्हणाले.

धाकटीने मधल्या दोन बाटल्या उचलल्या आणि माझ्या कपाटात ठेवल्या. दुसऱ्या दिवशी तिचा कॉम्प्युटरही वर आला. बैठकीतली माझी शिवणाची, खिडकीजवळची जागा मी तिला दिली. चूल त्यांची एकच राहिली, टेबलं मात्र वेगळी झाली. ती गिऱ्हाइकाला एकच डिझाइन दाखवते. "एकच?" असं विचारून काही जण जिना उतरतात. काही थांबतात.

सोनेरी बाटल्या बाजारात आल्या. कोपऱ्यावरचा औषधविक्रेता काऊंटरमागे बसून कानाच्या प्रत्येक बाटलीला रबर बँड लावत होता. का, असं मी विचारलं. "मलाच कळत नाही ना, बाई," तो म्हणाला.

खाली भाऊजी आता तीन बुजगावणी दाखवतात. आणि गंमत अशी की लोकांना ती आवडेनाशी झाली. बघतात, मान हलवतात, म्हणतात, "अजून दाखवा." इतकी वर्षं ही माणसं मधलं चांगलं नाकारण्याचं सुख घेत होती, आता नाकारायला काही उरलं नाही, तर निवडायचं कसं हेच त्यांना सुचत नाही.

परवा भाऊजी वर आले. दारातच घुटमळले. धाकटी काम करत होती.

"अगं, एखादं जुनं खरं असेल तर दे ना," ते म्हणाले. "नुसतं मध्ये ठेवायला. संध्याकाळी परत आणून देतो."

"आणि घेतलं कुणी तर?"

"छे!" भाऊजी तिला धीर देत म्हणाले. "इतक्या वर्षांत घेतलंय का कुणी?"

 नवं लेबल चिकटवलेली बाटली धाकटीने माझ्यासमोर धरली. "ताई, चष्मा काढा. हे काय आहे?"

मी सांगितलं. बरोबर निघालं.

भाऊजी माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "चहा आहे का, वहिनी?"

"खाली आता जागा झालीय, तिथेच करून घ्या," मी म्हटलं.