पुढचं उघड आहे

परवा एका शोकसभेत मी टाळ्या वाजवल्या. पंख्याखाली डोळा लागला होता. भाषण संपल्याची चाहूल लागली आणि हात आपोआप चालले. बाकीची मंडळी दोन मिनिटं शांत उभी राहायला उठत होती. बायकोनं मारलेलं कोपर अजून दुखतंय. वक्त्याचं शेवटचं वाक्य होतं, "सरांनी हजारो पोरांचा गणिताचा पाया पक्का केला." आता तुम्हीच सांगा, एवढ्या मोठ्या विनोदाला टाळी नको?

या सरांना मी ते सर व्हायच्या आधीपासून ओळखत होतो. बी.एस्सी.ला तो आमच्या एक वर्ष पुढं. गेलेल्या माणसाला अरेतुरे करू नये, पण अहो-जाहो करायला जीभ वळत नाही.

आमच्या प्राध्यापकांनी एक टूम काढली होती. गेल्या वर्षी चांगले मार्क मिळवलेल्या पोरानं संध्याकाळी खालच्या वर्गातल्या पाच-सहा जणांना घेऊन बसायचं. नियम एकच : त्यानं गणित सोडवायचं नाही. त्यानं नुसतं विचारायचं, फळ्यावर झगडायचं आम्ही. आमच्या वाट्याला हा आला. पहिल्याच दिवशी त्यानं खडू उचलून स्वतःच्या खिशात घातला. तो पुन्हा कुणाच्या हाती लागला नाही.

त्यानं स्वतःच गणित निम्म्यावर आणायचं, खरी गोम आली की थांबायचं, हात झटकायचे आणि म्हणायचं, "पुढचं उघड आहे." आम्ही माना डोलवायचो. असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. तुमच्या ऑफिसात तो बहुधा साहेब असेल.

शहागंजातला सलीम आमच्याच गटात होता. तो एकदा म्हणालाच, "मियाँ, उघड है तो जरा उघाड के बताव ना!"

हा लालबुंद झाला. "तुमचा पायाच कच्चा आहे," म्हणाला आणि चहाला निघून गेला.

माना डोलवण्यात मी सगळ्यांच्या पुढं. मला घाई होती. सोयगावच्या एका मुलीशी माझी सोयरीक ठरत आली होती. तिच्या वडलांनी, म्हणजे अण्णांनी, आमच्या घरी साफ सांगितलं होतं, "पोरगं पास झालं की उन्हाळ्यात बार उडवू. नाय झालं तर थांबा. अर्धवट जावई नको आपल्याला."

परीक्षा तोंडावर आली तसा मी धीर केला. "ते अनंत श्रेणीचं एक तरी गणित शेवटपर्यंत दाखव ना."

त्यानं खडू काढला, दोन-तीन ओळी लिहिल्या आणि थांबला. फळ्याकडं तोंड करून बराच वेळ उभा राहिला. मागून त्याची मान तेवढी दिसत होती, घामानं ओली. ह्यालाही पुढचं येत नाही, गेल्या वर्षी ह्यानं सगळं पाठ करून ओकलं होतं, हे मला तेव्हा कळलं. तेवढ्यात तो वळला. "हे पेपरात येत नसतं. सोडा."

आलं. चांगलं भरघोस आलं. मी आपटलो आणि बार तसाच राहिला.

एक मात्र कबूल केलं पाहिजे. तो एकही दिवस चुकला नाही. भर पावसात यायचा, स्वतःच्या पेपरच्या आदल्या संध्याकाळीसुद्धा सायकल हाणत आला. त्या नेमानंच तर घात केला. एखादी दांडी मारली असती, तर आम्ही आपसात भांडून एखादं तरी गणित सोडवलं असतं.

पुढं मी सलीमच्या ओट्यावर बसून दुसऱ्या खेपेला सुटलो. ह्यानं क्लास काढला. चौकात फ्लेक्स लागला : हाताची घडी घातलेला हा, आणि खाली "पाया पक्का". आता त्याच फोटोला हार.

सभेहून परतताना स्कूटरवर मी बायकोला हे सगळं पुन्हा एकदा ऐकवलं. "माझं अख्खं वर्ष खाल्लं त्यानं!"

"खाल्लं ना," ती मागून म्हणाली. "पण तुम्ही आपटलात म्हणून अण्णांनी मला त्या साली बारावीला बसू दिलं. त्यावर डी.एड. झालं. आज शाळेत वर्गावर उभी राहते ती त्यामुळं."

"अगं, पण त्याला शिकवता येत नव्हतं!"

"बरं झालं," ती म्हणाली. "त्यानं तुम्हाला शिकवलं असतं, तर माझं शिकणं राहिलं असतं."