वळणावरचं पाणी

मंजुळाबाई पहिल्यांदा माझ्या टेबलासमोर येऊन उभ्या राहिल्या ते १९९५ च्या फेब्रुवारीत. मी तेव्हा इंदूरला रस्त्यांच्या कामावर उपयंत्री, म्हणजे कनिष्ठ इंजिनिअर होतो. जेवण आटोपून डबा बंद करत होतो. समोर चाळिशीच्या आतबाहेरची बाई, धुवट सुती साडी, काखेत पिशवीत गुंडाळलेली शाळेची दोनशे पानी वही. मी "बसा" म्हणेपर्यंत त्यांनी विचारलंसुद्धा, "सिमरोलच्या अलीकडे पुलिया आहे ना साहेब, तिच्या आधीचं वळण कोणाकडे येतं?"

"आमच्याकडेच. का?"

"तिथं तेरा महिन्यांत सदतीस गाड्या पडल्या. त्यातल्या एकोणतीस एकाच बाजूच्या खड्ड्यात. सगळ्यांना तिथंच नींद लागते का हो?"

मला हसू आलं. आज सांगायला लाज वाटते, पण आलं. मी ऑफिसातलं ठरलेलं उत्तर दिलं: ड्रायव्हर पितात, गाड्या ओव्हरलोड भरतात, बेफाम पळवतात, त्याला रस्ता काय करणार?

त्यांनी वही उघडली. "प्यालेले चार होते. मी जवळ जाऊन एकेकाचा वास घेतलाय. बाकी सगळे शुद्धीत."

वहीत तारीख होती, वेळ होती, गाडी कसली, चढत होती की उतरत होती, रस्ता ओला की कोरडा, कोणाला किती लागलं. मोठं, गोल, घोटून घोटून काढलेलं अक्षर. मी चार पानं चाळली आणि "बघतो" म्हणालो. आमच्याकडे "बघतो" म्हणजे काय, ते त्यांनाही ठाऊक असावं. वही पिशवीत घालत म्हणाल्या, "मी पंधरा दिवसांनी येते."

आणि त्या आल्या. एकदा नाही, तीनदा.

त्यांची सगळी हकीकत मला नंतर तुकड्यातुकड्यांनी कळली. मंजुळाबाईंचे आजोबा आणि वडील दोघंही महूच्या छावणीत फौजेत होते. वडील हवालदार म्हणून रिटायर झाले. रोज संध्याकाळी मुलीला समोर बसवून ते विचारायचे, आज काय पाहिलंस? ती म्हणाली, की फलाणी बाई वाईट आहे, तर तिला थांबवायचे. "आधी काय पाहिलंस ते सांग. काय वाटलं ते मागून." सातवीनंतर शाळा सुटली, पण ही सवय राहिली. पुढे लग्न झालं ते किसनशी. किसन इंदूरच्या एका कापड मिलमध्ये मागावर होते, मिलमागच्या बस्तीत दोन खोल्या होत्या, पंचशील नावाचा मुलगा आणि कीर्ती नावाची मुलगी. अठरा वर्षं किसननी तेच माग चालवले.

मग मिल बंद पडली. आज चालू होईल, उद्या होईल, म्हणत माणसं फाटकापाशी जाऊन बसायची. किसन सहा महिने बसले आणि उठले. लायसन्स काढलं, आणि दुसऱ्याचा टेम्पो भाड्यानं घेऊन शहर ते सिमरोल सवाऱ्या नेऊ लागले. त्या दोन-तीन वर्षांत रस्त्यांचं रूपच पालटत होतं. नव्या मोटारसायकली, नव्या गाड्या, मालानं लादलेले ट्रक, आणि त्यांच्यामधून मिलमधून सुटलेली, हातात पहिल्यांदाच गाडी आलेली माणसं.

त्र्याण्णवच्या सप्टेंबरात, एका मंगळवारी भरदुपारी, त्या वळणावर किसनचा टेम्पो डाव्या खड्ड्यात कलंडला. अकरा सवाऱ्या होत्या. दहा जण वाचले. एक शेतमजूर जागीच गेला. किसनचा डावा पाय गुडघ्याखाली चिरडला. हॉस्पिटलात जबाब घ्यायला पोलीस हवालदार आला तेव्हा किसन एवढंच बोलले, "गलती माझीच. दुसऱ्या कोणाची?" बेपर्वाईनं गाडी चालवून माणूस मारल्याचा खटला उभा राहिला.

घरी आल्यावर किसननी भिंतीकडे तोंड केलं. जेवायला वाढलं तर जेवायचे, नाही तर मागायचे नाहीत. मंजुळाबाईंनी महिनाभर वाट पाहिली आणि एक दिवस त्यांच्यासमोर बसल्या. "तुमची गलती आहे की नाही, ते राहू द्या. तुम्ही पाहिलं काय, ते सांगा."

किसन म्हणाले, "जोरात नव्हतो गं. वळवत होतो, तरी गाडी बाहेरच ओढली जात होती. कोणी धरून ओढल्यासारखी."

दुसऱ्या दिवशी मंजुळाबाई सिमरोलच्या टेम्पोत बसल्या आणि त्या वळणावर उतरल्या. दिवसभर कडुनिंबाखाली बसून राहिल्या. काहीच झालं नाही. पुन्हा गेल्या. चौथ्या खेपेला एक स्कूटरवाला घसरला, किसन जिथं पडले होते तिथून दहा पावलांवर. त्या रात्री त्यांनी ठरवलं. जानेवारीत त्याच कडुनिंबाखाली स्टोव्ह, किटली आणि दोन बाकडी घेऊन त्यांची चहाची गुमटी सुरू झाली. घरही चालायचं आणि डोळेही रस्त्यावर राहायचे.

तिसऱ्याच दिवशी एक बाई तरातरा चालत आली आणि गुमटीसमोर उभी राहून शिव्या देऊ लागली. ती जनाबाई. मूळची खानदेशातली, नवऱ्याबरोबर मजुरीला इकडे आलेली. टेम्पोत गेलेला शेतमजूर तिचाच नवरा. "माझ्या माणसाला मारलं, आणि आता त्याच जागेवर चहा विकतेस? लाज नाही वाटत?"

मंजुळाबाईंनी मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं. जनाबाई दुसऱ्या दिवशीही आली, तिसऱ्या दिवशीही. आठव्या की नवव्या दिवशी ती शिव्या देत असतानाच मागे धाडकन आवाज झाला. एक मास्तर छोटी मोटर लावलेल्या सायकलीसकट खड्ड्यात पडले होते. डोक्यातून रक्त वाहत होतं. दोघी एकदमच धावल्या. एकीनं पाय धरले, एकीनं खांदे. ट्रक थांबवला, त्यांना इंदूरला पाठवलं. मग रक्तानं भरलेले हात धुवायला दोघी गुमटीशी आल्या.

"हा पण हळूच होता," जनाबाई म्हणाली. "मी पाहत होते ना. हळूच होता."

मंजुळाबाईंनी वही काढली. "वेळ काय झाली असेल?"

त्या दिवसापासून जनाबाई शिव्या द्यायला नाही, बसायला येऊ लागली. मंजुळाबाई कोर्टाच्या तारखेला किंवा आमच्या ऑफिसात गेल्या, की गुमटी ती सांभाळायची. तिला लिहिता येत नव्हतं. गाडी पडली, की ती सगळं मनात घोकून ठेवायची आणि संध्याकाळी एका दमात म्हणून दाखवायची.

लोक हसायचे. ट्रकवाले विचारायचे, "क्यों बाई, आज का स्कोर?" त्या हसण्यावारी न्यायच्या, पण नुसत्या लिहीत बसल्या नाहीत. डांबराचे रिकामे पिंप आणून, चुना फासून, खड्ड्याच्या कडेनं मांडले. गुमटी वळणापासून उचलून वर, उतार सुरू होतो तिथं नेली. मी कारण विचारलं तर म्हणाल्या, "चहाला थांबलेली गाडी निघताना हळूच निघते, साहेब."

आणि गुमटी वर नेण्याआधीच ती गोष्ट त्यांच्या लक्षात आली होती. त्या कपबशा धुवून पाणी रस्त्यावर फेकायच्या. पाणी वळणाच्या आतल्या अंगाला जायला हवं. ते रस्ता ओलांडून बाहेरच्या खड्ड्याकडे जायचं. रोज.

तिसऱ्या खेपेला त्यांनी मला हेच सांगितलं. मी लिहिता लिहिता थांबलो. वळणावर रस्त्याची बाहेरची कड उंच ठेवावी लागते, म्हणजे गाडी आतल्या बाजूला झुकते आणि बाहेर फेकली जात नाही. पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही हे सांगेल. पाणी बाहेर जात असेल, तर कड उंच नाही, खाली आहे.

"तुम्ही नक्की पाहिलंय?"

"साहेब, मी काय वाटलं ते सांगत नाहीये."

एप्रिलात एका सकाळी मी स्कूटरवर लेव्हल, म्हणजे उंचसखलपणा मोजायचं यंत्र, बांधून तिथं गेलो. जनाबाईनं दोन्हीकडची वाहतूक लाल लुगडं हलवून थांबवली. मंजुळाबाईंनी भरलेला हंडा उचलला आणि रस्त्याच्या बरोबर मध्यावर ओतला. थांबलेल्या बसमधली माणसं खिडक्यांतून माना काढून बघत होती. पाणी क्षणभर जागीच फुगलं, मग सगळंच्या सगळं बाहेरच्या कडेकडे पळालं आणि चुना फासलेल्या पिंपांमधून खड्ड्यात पडलं.

मी लेव्हल लावली. बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा चार बोटं खाली होती. ती जवळजवळ वीतभर वर असायला हवी होती. गाड्या वाढल्या म्हणून काही वर्षांपूर्वी रस्ता बाहेरच्या अंगानं रुंद केला होता. भराव घाईत टाकला गेला, आणि जड ट्रकांखाली तो बसत गेला. प्रत्येक ट्रकागणिक थोडा थोडा. त्या कामाच्या कागदावर सही करणाऱ्यांत माझाही एक वरिष्ठ होता.

रिपोर्ट लिहिणं मी तीन आठवडे टाळलं. लिहायला तसा एक दिवस पुरला असता. साहेबांनी मला बोलावून समजावलं होतं, "दुरुस्ती करून टाकू ना गुपचूप. कारण कशाला लिहिता?" मी बडा गणपतीजवळच्या आमच्या घरी जायचो, आजोबांपासून सगळे सरकारी नोकरीतले, आणि रात्री पडून छताकडे बघायचो. चौथ्या आठवड्यात मंजुळाबाई आल्या. वही टेबलावर ठेवली. तीन नव्या नोंदी होत्या. तिसरी सात वर्षांच्या मुलीची. हात मोडला होता.

"दुरुस्ती तर करतोच आहोत," मी म्हटलं.

"ते चांगलंच आहे, साहेब. पण आमच्या ह्यांना कोण सांगणार? ते मान वर करत नाहीत दोन वर्षांपासून. नुसतं मी सांगितलं तर म्हणतात, तू बायको आहेस."

मी त्याच दुपारी लिहिलं. मापं, नकाशा, कारण, सगळं. खाली सही केली.

त्या हिवाळ्यात वळण खणून पुन्हा बांधलं गेलं. काम चालू असताना मंजुळाबाई रोज संध्याकाळी मुकादमाला म्हणायच्या, "भिया, जरा पाणी ओतून दाखव." पहिले दोन-चार दिवस तो वैतागला. नंतर त्या यायच्या आधीच बादली भरून ठेवू लागला.

खटल्यात साक्षीला मला बोलावलं ते शहाण्णवच्या शेवटी. मी मापं सांगितली. मंजुळाबाईंची वही न्यायाधीशांनी मागून घेतली आणि बराच वेळ वाचत राहिले. मग जनाबाई उभी राहिली. सरकारी वकिलानं विचारलं, "तुमचा नवरा यांच्याच गाडीत मेला ना?"

"हो."

"मग तुम्ही यांच्या बाजूनं कशा?"

"मी कोणाच्या बाजूनं नाही. त्या जागेवर वर्षाच्या वर बसले. जे दिसलं ते सांगते." आणि तिनं मनात ठेवलेल्या बावीस गाड्या, तारखांसकट, एकामागून एक सांगितल्या. वकील मध्ये बोलू पाहत होता. न्यायाधीशांनी हातानंच त्याला बसवलं.

दोन महिन्यांनी किसन सुटले. निकाल ऐकून ते ना हसले, ना त्यांनी हात जोडले. कुबडी टेकत व्हरांड्यात आले आणि जनाबाईसमोर थांबले. तिच्याशी ते पहिल्यांदाच बोलत होते.

"गाडी मीच चालवत होतो, बाई."

"माहीत आहे," जनाबाई म्हणाली. "तुमच्या बायकोनं कधी नाही म्हटलं नाही. आता घरी जा आणि पोटभर जेवा. ती फार थकलीय."

मंजुळाबाई तेव्हा खांबाला टेकून उभ्या होत्या. एवढ्या वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं ते तेवढंच.

माझी बदली झाली, ती होणारच होती. बडवानीकडे पाच वर्षं काढली. वाईट गेली नाहीत. तिथंही वळणं होती, आणि मी प्रत्येक वळणावर पाणी ओतायला शिकलो होतो. हाताखालची पोरं सुरुवातीला हसली, नंतर आपणहून ओतू लागली.

इंदूरला परतल्यावर मी सिमरोलच्या रस्त्यानं गेलो. उतार सुरू होतो तिथं गुमटी नव्हती. जनाबाई तिथं गुमटीच्याच बाकड्यांवर भाजी मांडून विकत बसली होती. तिनं सांगितलं, वळण बांधल्यानंतरच्या दोन पावसाळ्यांत तिथं एकच गाडी पडली, आणि तिचा ड्रायव्हर खरंच प्यालेला होता. मग मंजुळाबाईंनी किटली आणि बाकडी तिलाच देऊन टाकली. "म्हणाल्या, आता इथं बसून मी काय बघू?"

त्यांची भेट झाली ती त्यांच्या बस्तीतल्या बुद्धविहारात. किसन पायरीवर बसून दोन टेम्पोवाल्यांना काही समजावत होते. उतारावर गियर कधी टाकायचा, वळणावर नजर कुठं ठेवायची. लायसन्स घेतलेली नवी माणसं त्यांच्याकडे यायची म्हणे. कोणाकडून काही न घेता ते शिकवायचे. पाय गेलेला माणूस शिकवतो म्हटल्यावर लोक ऐकायचेही.

मंजुळाबाईंचे केस पांढरे झाले होते. "जय भीम, साहेब," म्हणाल्या, आणि चहा येईपर्यंतही थांबल्या नाहीत. मला हाताला धरून मुख्य रस्त्यावर घेऊन गेल्या. तिथल्या शाळेसमोर दुभाजक मधेच तोडला होता, आणि सुटीच्या वेळी मुलं त्यातून पळत होती. त्यांनी ऑफिसात अर्ज दिला होता, दोनदा. मी कोणाशी बोलू, कुठल्या साहेबाकडे जाऊ, असं विचारू लागलो.

"ते नंतर," त्या म्हणाल्या. "आधी अर्धा तास इथं उभे राहा. बघा."

मी उभा राहिलो.