एरंडेलाचा धूर

केसांना लावायला एरंडेलाची बाटली उघडली की लंडनमधल्या हॅरोच्या या बाथरूममध्ये मला तो एअर शो आठवतो. वीस वर्षं होत आली. बाबा नागपूरहून आले होते. विमानांच्या सुरुवातीच्या काळातलं एक जुनं विमान डोक्यावरून गेलं, तसं बाबा हुंगून म्हणाले, "अगं, हे तर एरंडेल पितंय." त्या इंजिनांत खरंच तेच तेल घालत, हे मला मागाहून कळलं.

उतरताना ते आमच्यासमोरच, दोरीपलीकडे नाकावर आपटलं. लाकूड कडाडून मोडलं, कापडी पंख भडकले. म्हातारा वैमानिक रक्ताळलेल्या तोंडाने बाहेर पडला आणि विमान वाचवायला पुन्हा आगीकडेच धावला. बाबा दोरीखालून घुसले, त्याला कॉलर धरून फरफटत मागे आणलं आणि पाठीत सणसणीत धपाटा घातला. "अक्कल आहे का तुला? मेला असतास," ते मराठीतच ओरडले.

मी शरमेने सगळ्यांना सॉरी म्हणत सुटले. आंब्यावरून पडलेल्या माझ्या भावालाही त्यांनी असाच आधी धपाटा घातला होता, मग पोटाशी धरलं होतं. त्या गोऱ्या म्हाताऱ्याला हे कोण सांगणार? पण तो बाबांच्या खांद्यावर डोकं टेकून हमसून रडत होता.