बेटावरचा उघडा हात

तुम्ही सुट्टीत कुठल्याशा बेटावर निघाला आहात, आणि तिथे मुलांना करण्यासारखं काय असतं, असं फोनवर मला विचारलंत. मी एकाच बेटावर गेले आहे, तुमच्या आजोबांबरोबर. तुमची आई तेव्हा लहान होती.

लढाईच्या हिवाळ्यात आजोबांच्या कारखान्यात दिवसरात्र पाळ्या चालत. ते दारूगोळा भरण्याच्या विभागात होते. तिथे धातूचं बटणसुद्धा चालत नसे. अंगठी, घड्याळ गेटवर ठेवून नाडीचे कपडे घालायचे. तरीही एका सकाळी स्फोट झाला. त्यांच्या शेजारी काम करणारे दोघे जागीच गेले. यांच्या उजव्या हाताचा अंगठा आणि करंगळी तेवढी उरली.

मुलीने तो हात पाहू नये म्हणून ते पांढरी पट्टी बांधत. जखम भरली तरी पट्टी सुटली नाही. आम्ही राहत होतो त्या कांचघर मोहल्ल्यातल्या मैत्रिणींना तुमची आई सांगे, "माझ्या बाबांचा हात झोपून राहिला आहे."

पुढच्या हिवाळ्यात माझ्या भावाने आम्हाला अंदमानला बोलावलं. तो तिथे सरकारी नोकरीत होता. जहाजावर आजोबा मला म्हणाले की तिथे पट्टी सोडायची. समुद्रावर सगळेच उघडे असतात, शिंपले वेचण्याच्या नादात पोरीला फारसं काही वाटणार नाही. घरी तिला समोर बसवून हात दाखवणं त्यांना जमत नव्हतं.

भावाने आम्हाला होडीतून एका लहान बेटावर नेलं. किनाऱ्याशी पाणी गुडघाभर, मुलांनी न घाबरता डुंबावं असं. होडीवाल्याकडे काचेच्या तळाची लाकडी पेटी होती. ती पाण्यावर टेकवली की खालची पोवळी आणि निळे मासे दिसत. तुमची आई पेटीतून डोकं वर काढेना.

"काहून गं, मासोळी होऊन राहिली का?" भाऊ तिला चिडवत होता.

होडी थांबली. आजोबा आधी पाण्यात उतरले, पट्टी सोडून खिशात घातली आणि दोन्ही हात पुढे केले. "चल, ये माझ्याकडे."

तिने हात पाहिला. रडली नाही. होडीच्या दुसऱ्या टोकाला सरकली आणि होडीवाल्याला म्हणाली, "भैया, आप उतार दो।"

त्याने आजोबांकडे पाहिलं. त्यांनी होकारार्थी मान हलवली.

मग तिने वाळूत खोपे केले, ओच्यात शिंपले भरले, नारळाचं पाणी प्यायली. सगळं मामाचं बोट धरून. आजोबा झाडाखाली आमच्याकडे पाठ करून बसले होते. पट्टी पुन्हा बांधून गाठ दातांनी आवळत होते. मी पुढे झाले, तर म्हणाले, "राहू दे, मला येतं."

ती पट्टी पुढे तिच्यासमोर कधीच सुटली नाही. ते गेले त्या दिवशी, आंघोळ घालताना, मी गाठ सोडायला घेतली. तुमची आई होऊन तिला तेव्हा बरीच वर्षं झाली होती.

"थांब आई," ती म्हणाली, "आधी मी बाहेर जाते."