दोनशे देशांची पंगत

"कोनी राह्यलं तं नाई ना?"

ब्रश धुवायला घेण्याआधी पेंटरभाऊ हे विचारणारच. एक डोळा मिटून, मान तिरपी करून ते आपल्याच कामाकडे बघायचे आणि मागे जो कोणी उभा असेल त्याला विचारायचे. मागे कोणी नसलं तर बकरीला विचारतानाही मी त्यांना पाहिलंय.

या प्रश्नामागे एक लग्न होतं. तरुणपणी किन्हीराजा गावी एका लग्नघराच्या भिंतीवर त्यांनी निमंत्रकांची नावं रंगवली, आणि त्यात नवरदेवाचा धाकटा मामा राहून गेला. मामा न जेवता उठला तो थेट एसटी स्टँडवर जाऊन बसला. मुहूर्त टळायची वेळ आली. शेवटी पेंटरभाऊंनी डबा-ब्रश घेऊन स्टँड गाठलं आणि मामाच्या पत्र्याच्या पेटीवर त्याचं नाव थोरल्या मामाच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत रंगवून दिलं. तेव्हा कुठे स्वारी मांडवात आली.

शेलूबाजारला हायवेवर माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. समोर त्यांची टपरी. फ्लेक्सची मशीन आली आणि त्यांच्याकडे फक्त नंबरप्लेटा उरल्या. एका दुपारी ते मोबाइल नाचवत आले. कुठल्याशा परदेशात जगभराच्या खेळांची मोठी स्पर्धा भरणार होती, आणि तिचा लोगो कोणालाही पाठवता येणार होता.

"भाऊ, मले भाग घ्याचा हाय."

मला हसू फुटलं.

"हासू नका. चाळीस वर्सं रंगवलं, एक भिंत जाग्यावर नाई राह्यली. कोनी चुना मारला, कोनी फ्लेक्स ठोकला. एक तरी चित्र असं पाह्यजे, का ज्याच्यावर कोनी चुना मारनार नाई."

त्यानंतर मी हसलो नाही. निदान त्यांच्यासमोर तरी नाही.

मी त्यांना नियम मराठीत समजावून सांगितले. चित्रात अक्षर नको, रंग तीनच, काढणाऱ्याचं नाव-गाव नको, आणि लोगो नखाएवढा केला तरी ओळखू आला पाहिजे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पहिली मागणी केली ती जगातल्या झाडून सगळ्या देशांच्या यादीची.

"यादी कायले?"

"उद्या एखाद्या देशाचा मानूस पाह्यन आन् म्हनन, आमचं कुठी हाय? थो रुसला तं त्याले स्टँडवरून कोन आननार?"

अक्षर चालत नाही म्हणून त्यांनी देशागणिक एक ठिपका मांडला. दोनशेच्या आसपास ठिपके! मी म्हटलं, ही समुद्रातली बारकी बेटं तरी गाळा. ते म्हणाले, "मोठ्याईचं सोडा. लहानेच आधी रुसतात."

मग त्यांनी नखाचा नियम तपासला. तुम्ही-आम्ही कागदावर छोटं चित्र काढून पाहिलं असतं. यांनी ते बारीक ब्रशने स्वतःच्या अंगठ्याच्या नखावर काढलं आणि अंगठा वर धरून बाजारभर फिरले. हॉटेलवाला घाबरला. "मतदान होतं काय आज? मले कोनी सांगतलंच नाई!"

दोनशे ठिपक्यांचा नखावर नुसता काळा गोळा झाला होता. "डांबर झालं हे तं," म्हणून पेंटरभाऊ घरी गेले. नंतरचे आठ दिवस टपरी बंद होती.

नवव्या दिवशी त्यांनी माझ्या टेबलावर कागद ठेवला. बारा वळणदार रेषा गोलात मांडलेल्या. प्रत्येक रेष म्हणजे मांडी घालून किंचित वाकून बसलेला माणूस. गोल पंगतच ती. आणि दोघांच्या मध्ये एक जागा मोकळी.

"ही जागा कोनाची?" मी विचारलं.

"जो राह्यला असन त्याची. आता कोनी रुसू शकत नाई."

खरं सांगतो, इतकं सुंदर काही माझ्या स्कॅनरवर त्याआधी कधी आलं नव्हतं.

शेवटचा दिवस होता. मी घाईघाईने चित्र पाठवलं, पोचल्याचा मेसेज आला, आम्ही चहा घेतला. मग कौतुकाने मी स्क्रीनवर चित्र मोठं केलं आणि कप तसाच खाली ठेवला. उजव्या कोपऱ्यात, मुंगीएवढ्या अक्षरांत, त्यांचं नाव, शेलूबाजार आणि मोबाइल नंबर.

"भाऊ, नंबर काहून टाकला?"

"म्या कुठी टाकला? पाटी पुरी झाली का हात आपोआप तिकडं जाते!"

एका माणसाला एकदाच पाठवता येत होतं. महिन्याभराने उत्तर आलं. चित्रावर नाव आणि नंबर आढळल्यामुळे ते स्पर्धेत धरलं नव्हतं. मी ते त्यांना मराठीत वाचून दाखवलं.

"म्हंजे नंबर त्याईनं वाचला?"

"वाचला."

"लय बारीक होता. चष्मा लावून वाचला असन." त्यांचा चेहरा उजळला. "नंबर तं पोचला ना त्याईच्यापाशी!"

तेव्हापासून अनोळखी नंबर दिसला की ते शर्टाचं वरचं बटन लावून मगच फोन उचलायचे. नागपूरहून प्लॉट विकणाऱ्या एका मुलीला त्यांनी वीस मिनिटं लोगो समजावून सांगितला. प्लॉटचा विषय तिने काढलाच नाही. पुढे खरा लोगो टीव्हीवर आला, तेव्हा ते एक डोळा मिटून म्हणाले, "चांगला हाय. पन जागा नाई ठेवली."

गेल्या हिवाळ्यात झोपेतच पेंटरभाऊ गेले. टपरी हलली, तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळतात. मला समोर बघवत नाही.

परवा त्यांच्या पत्नी, आमच्या वहिनी, पेंटरभाऊंच्याच फोनचा रिचार्ज करायला आल्या. नंबर आता बंदच करून टाकावा, असं मी सुचवणार होतो, तेवढ्यात फोन वाजला. नंबर अनोळखी होता. वहिनींनी पदर सारखा केला, उभ्या राहिल्या आणि फोन कानाला लावला.

"हो, त्याईचाच नंबर हाय. ते नाईत आता," त्या म्हणाल्या. "पन चित्र हाय. पाठवू काय?"