लाइन प्रिंटर नावाची माझी सवत

आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हाच आमच्या घरातले देव निघाले. अन् देवच नाहीत म्हटल्यावर भुतं कुठून येणार? अंगारा, उतारा, बाहेरचं... असलं काही दुकानात कोणी बोलायला लागलं, की मी सरळ म्हणायची, "बाई, ब्लाउजचं माप द्या अन् निघा." हे मी लिहितेय असं माहेरी कळलं तर हसतील. हसू देत. जे झालं ते माझ्या डोळ्यांदेखत, भर दुपारी झालं.

मी सुनंदा. यवतमाळला आर्णी रोडवर माझं शिलाईचं दुकान आहे, तेव्हाही होतं. तिथून थोडं पुढे एका गोडाऊनमध्ये वीजबिलं छापणारी एक खाजगी एजन्सी होती, आणि आमचे हे — देवानंद — तिथं ऑपरेटर. कापसानं आपल्या जिल्ह्याला रडवलं त्या वर्षांमधली गोष्ट. लोकांच्या घरात कापूस छतापर्यंत, पण भाव नाही. लग्नं पुढं ढकलली जायची, आणि लग्न नाही तर ब्लाउज नाही. माझ्या मशीनवर धूळ बसायची अन् ह्यांची ती मशीन दिवसभर धडधडत असायची!

ती म्हणजे लाइन प्रिंटर. दुकानात पावती काढतात तो चिमुकला नव्हे, चांगला लोखंडी कपाट आडवं पाडावं एवढा. ह्यांनी एकदा झाकण उघडून मला आतलं दाखवलं होतं. एक लांब पट्टी, तिच्यावर कंगव्याच्या दातांसारख्या बारीक हातोड्या ओळीनं लावलेल्या. पट्टी सारखी डावी-उजवी हलते, हातोड्या शाईच्या रिबिनीवर ठोके देतात, कागदावर ठिपके उमटतात आणि ठिपक्यांची अक्षरं होतात.

मी विचारलं, "म्हंजे करंट आला का हातोडी मारते?"

"नाही ना वं! तेच तं गंमत हाय." ह्यांचे डोळे असे चमकले म्हणून सांगू... "हातोडीच्या अंगातच स्प्रिंग हाय, तिले तं मारायचंच हाय. मांगून चुंबक तिले धरून ठेवते. करंट आला का चुंबकाची पकड घडीभर सुटते, अन् ठक्! करंट मारासाठी नाही, सोडासाठी हाय."

लग्नाला इतकी वर्षं झाली होती, माझ्याबद्दल बोलताना हे डोळे कधी असे चमकले नव्हते. जळले मी. सरळ सांगते, जळून खाक झाले.

आणि एकदा जळायला लागलं की काय काय दिसायला लागतं! माझी नवी साडी ह्यांना दिसायची नाही, पण रस्त्यावरून नुसता आवाज ऐकून म्हणायचे, "रिबीन सुकली वाटते." जाड कागद लावला, की पट्टी आणि कागदामधलं अंतर कान लावून जुळवायचे, तान्ह्या पोराचा श्वास ऐकावा तसे. मी डबा भरताना टोमणा मारायची, "सवतीसाठी पण भरू का एक?" हे हसायचे. मला हसू यायचं नाही.

मग एजन्सीनं यवतमाळचं काम बंद करून प्रिंटर नागपूरला हलवायचं ठरवलं. त्या संध्याकाळी हे चपला काढता काढताच म्हणाले, "मी बी जाऊन राह्यलो तिच्यासंग."

"तिच्यासंग?"

"तिले दुसऱ्याचा हात चालत नाही ना. तू राहशीन ना इथं? तुह्यं दुकान हाय..."

माय वं! "अन् मले कोणाचा हात चालते, हे इचारलं काय कधी?"

त्या रात्री आम्ही दोघंही जेवलो नाही.

प्रिंटर बांधायच्या दिवशी मी दुकानातून तशीच डबा घेऊन गेले. खांद्याला माझी नेहमीची पिशवी — कात्री, टेप, सुयांची पाकिटं, आणि सांडलेल्या टाचण्या वेचायचा जुना चुंबक. पार मेलेला होता तो, एक टाचणी उचलली तर दुसरी गळायची. लोडशेडिंग चालू होतं. हे मालकाच्या केबिनमध्ये नागपूरला येतो म्हणून सांगायला गेले होते. एजन्सीचे शिपाई गजूभाऊ प्रिंटरचा प्लग काढून वायर गुंडाळत बसले होते.

झाकण उघडंच होतं. मी जवळ गेले, त्या पट्टीवर हात ठेवला, आणि काय वाटलं कोण जाणे, दात-ओठ खाऊन बोलले, "लय दिवस धरलं त्याईले. आता सोड. सोड म्हटलं ना!"

खाड्!!

एक-दोन नाही, सगळ्या हातोड्या एकदम सुटल्या. माझ्या तळहातावर ठिपक्यांची रांग उमटली. गजूभाऊ उभेच राहिले. "वहिनी... वायर तं माह्या हातात हाय!"

आवाज ऐकून हे धावत आले. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. एक हातोडी बोटानं मागं दाबली, ती पुन्हा पुढं आली. दुसरी दाबली, तीही आली. "धरूनच नाही राह्यली," एवढंच म्हणाले, आणि तिसरी दाबून बघायला लागले.

नागपूरहून इंजिनिअर आला. म्हणाला, सगळे चुंबक मेलेत. तापलं किंवा आदळलं तर एखादा कमजोर होईल, पण सगळे, एका क्षणात, वीज नसताना? असं होत नाही. प्रिंटर भंगारात गेला आणि ह्यांचं नागपूर राहिलं. माझ्याच दुकानात काज-बटणाला बसले. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू!

पण खरी गोष्ट पुढंच आहे. हातोड्या सुटल्या त्याच दिवशी घरी येऊन मी पिशवी उघडली. कात्री, सुयांची पाकिटं, सगळं त्या मेलेल्या चुंबकाला चिकटलेलं. कात्री ओढली, निघेना. हे आले, दोन्ही हातांनी ओढली तेव्हा कुठं सुटली. चुंबक हातात धरून ह्यांनी कात्री पुन्हा लावली, पुन्हा ओढून बघितली. मग हळूच म्हणाले, "पकड तेच हाय."

गिऱ्हाइकांमध्ये एक विज्ञानाच्या बाई आहेत, त्यांना विचारलं. त्यांनाही सांगता आलं नाही. तुमच्यापैकी कोणाला कळलं तर जरूर लिहा. मला आजपर्यंत कळलेलं नाही.

तो चुंबक फेकून का देत नाही, म्हणाल. एकदा निघाले होते. पण तो गेला तर हेही त्याच्यामागं जातील, अशी धास्ती वाटते आणि मी परत फिरते. टाचण्या सांडलेल्या नसल्या तरी हे तो हातात घेऊन बसतात, माझ्या मशीनच्या आवाजाकडे कान देऊन. काल म्हटलं, "ठेवा ना तो ड्रॉवरमध्ये."

"थांब ना वं, घडीभर," हे म्हणाले. मूठ उघडली नाही. डोळे तसेच, त्या दिवशी झाकण उघडून दाखवताना होते तसे.

ती बापडी नागपूरला चालली होती. मीच तिला पिशवीत घालून घरी आणली.