तोच की तसाच?

अख्ख्या नगर जिल्ह्यात 'तोच' आणि 'तसाच' या दोन शब्दांतल्या फरकासाठी जिवाचं रान करणारा एकच माणूस होऊन गेला, आणि सत्तर सालानंतरची काही वर्षं तो नेमका माझा साहेब होता. साखर कारखान्यात नव्याने निघालेल्या मशीन विभागाचे ते प्रमुख आणि आम्ही तिघी मुली त्यांच्या हाताखाली. जाड कागदाच्या कार्डांना यंत्रावर भोकं पाडायची, सभासदाचा नंबर आणि उसाचं वजन त्या भोकांत उतरवायचं, मग कार्डांच्या पेट्या जीपने पुण्याला एका कंपनीच्या कॉम्प्युटरकडे जायच्या. तो कॉम्प्युटर आम्ही कधी पाहिला नाही. साहेब पाहून आले होते आणि तेव्हापासूनच ते बिघडले, असं कॅन्टीनवाल्याचं ठाम मत होतं. त्या बिचाऱ्याने साहेबांचा निवलेला चहा उचलून गरम कप आणून ठेवला, की साहेब विचारत, "हा तोच की तसाच?" तो वैतागून म्हणायचा, "तसाच हाय की! उलट गरम हाय!" "मग हा दुसरा झाला," असं म्हणून साहेब समाधानाने पीत.

एका पावसाळ्यात कचेरीतून कोणीतरी त्यांची छत्री चुकून नेली आणि हुबेहूब तशीच, पण नवीकोरी, मागे राहिली. दुसरा कोणी गुपचूप खूश झाला असता. साहेब ती मिटलेली छत्री काखेत धरून भर पावसात कॉलनीभर घरोघर हिंडले. मालक सापडला, तो त्यांचा अवतार पाहून म्हणाला, "अहो, निदान उघडायची तरी!" साहेब शिंकत म्हणाले, "तुमची आहे ना."

आम्ही हसायचो. पण एके दिवशी एक शेतकरी दारात येऊन उभा राहिला आणि हात जोडून म्हणाला, "सायेब, मी मेलो न्हाई." त्याच्याच गावात त्याच्याच नावाचा, बापाचंही नाव तेच असलेला चुलतभाऊ वारला होता. कारखान्याच्या शेती खात्याने नंबर न बघता नुसत्या नावावर याचीच तोडणी बंद केली, आणि इकडे ऊस वाळत चालला होता. साहेबांनी त्याला खुर्ची दिली. "बसा. दोघांतले कोणते तुम्ही?" "जिता हाय तो," तो म्हणाला. साहेब त्याला घेऊन शेती खात्यात गेले आणि ऊसतोडीची टोळी त्याच्या रानात निघाल्याची खात्री होईपर्यंत तिथून हलले नाहीत.

माझं लग्न झालं आणि मीही त्याच घोळात सापडले. माहेरची मी कुसुम. पुणतांब्याला दिली, आणि सासरच्यांनी तांदळात नाव काढलं, वैशाली. रजा संपवून हजर झाले, तर आस्थापनेचे हेडक्लार्क म्हणाले, "नाव नवीन, आडनाव नवीन, गाव नवीन. म्हणजे बाई नवीन. अर्ज करा, हंगामी म्हणून घेऊ." मी लग्नाआधीच कायम झाले होते, आणि सासऱ्यांनी बोलणीतच सांगितलं होतं, "कायमची नोकरी हाय म्हनून धाडतो. हंगामी कामाला आमी सून धाडनार न्हाई."

मी यंत्रासमोर बसून नुसती रडत होते. साहेबांनी कारण विचारलं, आणि ऐकताच मला घेऊन तडक मॅनेजरसाहेबांच्या खोलीत शिरले. हेडक्लार्क तिथेच होते.

"साहेब," ते मॅनेजरना म्हणाले, "वहिनींना माहेरी काय म्हणतात?"

मॅनेजर गोंधळले. "सिंधू. का हो?"

"आणि तुमच्या घरी?"

"सुमती."

"मग तुम्हाला बायका किती?"

मी पदराआड डोळे मिटून घेतले. मग मॅनेजरसाहेब असे हसले, की शिपाई आत डोकावला. साहेबांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नव्हती. ते हेडक्लार्कना समजावत होते, "अहो, नाव म्हणजे दारावरची पाटी. पाटी बदलली म्हणून घर नवीन बांधलं असं होतं का? माणूस नंबरावर धरा. नाव एकाच कार्डावर असतं, तेवढं बदला. नोकरी, रजा, हजेरी सगळं त्या नंबरामागे आपोआप येतं."

नंबर तोच राहिला. त्या नंबरावर मी नोकरी केली, धाकट्या नणंदेला शिकवलं, आणि पुढे सासरेच लोकांना "आमची सून मशीनवर असती" असं ऐटीत सांगू लागले.

पण साहेबांचे उपकार म्हणून मला आठवते ती त्या दिवशीची दुसरीच गोष्ट. खोलीतून बाहेर पडल्यावर साहेब व्हरांड्यात थांबले आणि जरा अवघडून म्हणाले, "कार्डावर वैशाली जाईल. पण आम्ही काय म्हणायचं? तुम्हाला कोणतं आवडतं?" हे मला माहेरी कोणी विचारलं नव्हतं, सासरीही नाही. मी हळूच म्हणाले, "कुसुम." पुढे कारखाना सोडून पुण्याला जाईपर्यंत साहेब मला कुसुमताईच म्हणत राहिले.

साहेब वारले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. माहेरची माणसंही एकेक करून गेली. परवा पुणतांब्याच्या घाटावर एका म्हातारीने पाण्यात उतरलेल्या आपल्या जावेला हाक मारली, "अगं कुसुम, जपून!" वळलो मात्र आम्ही दोघी.